मीटिंग कुठे असते?

या व्याख्यानमालेत आम्ही आजवर जे विषय घेतले ते बहुतेक पुस्तकांतून आलेले होते. आजचा विषय जिन्यात मिळाला. मागचं व्याख्यान संपवून आम्ही खाली उतरत होतो, गुडघ्यांमुळे हल्ली सावकाश उतरतो, तेव्हा एक गृहस्थ बरोबरीने उतरू लागले. दोन मजले गप्प होते. तळाशी आल्यावर म्हणाले, "सर, दारू सोडणाऱ्यांची एक मीटिंग असते म्हणतात. ती कुठे असते? आणि तिथे गेल्यावर करतात काय?" मग घाईघाईने पुढे म्हणाले, "मेव्हण्यासाठी विचारतोय."

कोणासाठी ते आम्ही विचारलंच नव्हतं. जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. पण घरी आल्यावर वाटलं की या दोन प्रश्नांचा इतिहास सांगण्यासारखा आहे. दारूचा इतिहास पुष्कळांनी लिहिला, दारूबंदीचाही लिहिला. पण पिणारा माणूस दुसऱ्या पिणाऱ्याला शोधत कसा गेला, हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

त्याआधी आमचा या विषयाशी संबंध काय, ते सांगणं भाग आहे. आम्ही चौतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. त्यात दरवर्षी ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा सातवा भाग यायचा. चांगलं काय ते कळतं, तरी माणूस वाईट करतो, हे कसं? ग्रीक भाषेत याला 'अक्रासिया' म्हणतात. तिसऱ्या अध्यायात अर्जुन कृष्णाला जवळजवळ हेच विचारतो, की इच्छा नसताना, कुणी जबरदस्ती करावी तसा, माणूस पाप का करतो. ॲरिस्टॉटलने दिलेला दृष्टांत तर दारूचाच आहे. नशेतला माणूस एम्पेडोक्लीजची पद्यं धडाधड म्हणून दाखवील, पण त्या क्षणी त्याला ती कळत असतात असं नाही. शब्द तोंडात असतात, ज्ञान नसतं. हा प्रश्न परीक्षेला दहा गुणांसाठी हमखास यायचा.

त्याच काळात, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आमच्या महाविद्यालयात आमचा एक मित्र शिकवत असे. त्याचं नाव सांगणार नाही. ही गोष्ट सांगायला त्याची परवानगी आहे, नावाला नाही. तो पीत असे, आणि सकाळच्या तासालाही ते कळू लागलं होतं. आम्ही त्याला स्टाफरूममध्ये इच्छाशक्तीवर चांगलं अर्ध्या तासाचं व्याख्यान दिलं. त्याने ऐकून घेतलं. काही आठवड्यांनी तो आमच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "आज संध्याकाळी माझ्याबरोबर येशील का? एका मीटिंगला जायचंय. एकट्याने आत शिरायची लाज वाटते." आमच्यापुढे पेपरांचा गठ्ठा होता. आम्ही म्हणालो, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात त्याने विचारलं नाही, आम्हीही नाही. त्याने परत विचारलं ते दोन वर्षांनी. मधल्या काळात काय काय गेलं याची यादी त्याने आम्हाला कधी ऐकवली नाही. त्याच्या बायकोने ऐकवली.

तर, इतिहास. आपण सुरुवात बाल्टिमोरपासून करू, कारण तिथला प्रयोग फसला आणि का फसला ते पुढच्यांच्या कामी आलं. एप्रिल १८४०. चेस नावाच्या माणसाचा गुत्ता. तिथे रोज बसणारे सहा जण: एक शिंपी, एक सुतार, दोन लोहार, एक बग्ग्या बनवणारा, एक चांदीचं काम करणारा. गावात दारूविरोधी व्याख्यान होतं, त्याची टिंगल करायला म्हणून यांच्यातले काही जण ऐकायला गेले. परत येऊन वाद घातला, आणि शेवटी सहाही जणांनी आजपासून दारू बंद अशा शपथेवर सह्या केल्या. नाव ठेवलं वॉशिंग्टन यांच्यावरून, म्हणून ते 'वॉशिंग्टोनियन'. यात नवीन काय होतं? तोवर दारूविरोधी चळवळ न पिणाऱ्यांची होती. पिणाऱ्याला ते पापी म्हणून गिनत, किंवा गेलेली केस म्हणून सोडून देत. इथे शिंपी उभा राहून स्वतःची गोष्ट सांगू लागला, आणि येताना प्रत्येकाने आणखी एक पिणारा घेऊन यायचं अशी रीत पडली. बघता बघता हे लोण देशभर पसरलं. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला यांच्या सभेत तेहतीस वर्षांच्या एका वकिलाने भाषण केलं. त्याचं म्हणणं असं, की आजवर ही चळवळ धर्मोपदेशक, वकील आणि पगारी प्रचारकांच्या हातात होती म्हणून ती फळली नाही. जो स्वतः त्यातून गेला त्याचं बोलणं वेगळं पडतं. त्या वकिलाचं नाव अब्राहम लिंकन.

आणि मग काय झालं? दहा वर्षंही टिकली नाही चळवळ. गोष्ट सांगणारे व्यासपीठावरचे नट झाले, तिकिटं लागू लागली. त्यांतले कुणी पुन्हा प्यायले की वर्तमानपत्रांना खाद्य. कायद्याने बंदी आणायची की मन वळवायचं यावर भांडणं, राजकारणातले पक्ष, धर्मपंथांचे रुसवे. मूळ काम, एका पिणाऱ्याने दुसऱ्याशेजारी बसायचं, ते बाजूलाच राहिलं. आपल्याकडच्या किती मंडळांचं असंच झालं ते आम्ही मोजत बसत नाही, तुम्हीच आठवा.

आता सुमारे शंभर वर्षं ओलांडून न्यूयॉर्कला येऊ. बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस, १९२९ च्या कोसळण्यात बुडालेला आणि त्याच्या आधीपासून दारूत बुडालेला. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात उठली, पण याला बंदीच्या काळातही कधी कमी पडली नव्हती. डिसेंबर १९३४ मध्ये तो टाउन्स हॉस्पिटलमध्ये पुन्हा एकदा दाखल झाला. तिथल्या डॉ. सिल्कवर्थ यांचं मत त्या काळात वेगळं होतं. हा चारित्र्याचा दोष नव्हे, शरीराला दारू सोसत नाही आणि मनाला सोडवत नाही असा दुहेरी आजार आहे, असं ते म्हणत. त्या मुक्कामात विल्सनला एक विलक्षण धार्मिक अनुभव आला. खोली उजळून निघाली, वगैरे. आपण वेडे तर झालो नाही ना, ही भीती त्याला वाटली. त्याच सुमारास त्याच्या हाती विल्यम जेम्सचं धार्मिक अनुभवांवरचं १९०२ सालचं पुस्तक आलं. आमच्या विषयाच्या माणसाला हे वाचून बरं वाटतं. तत्त्वज्ञानाचं पुस्तक हॉस्पिटलच्या खाटेवर कुणी कामासाठी वाचलं, असं फार वेळा घडत नाही.

याच धाग्याचं दुसरं टोक झुरिकला आहे. ऱ्होड आयलंडचे एक धनिक कार्ल युंगकडे उपचार घेऊन आले होते. युंगने त्यांना स्पष्ट सांगितलं की वैद्यकशास्त्राकडून आता आशा ठेवू नका, काही खोल आध्यात्मिक पालट झाला तरच. ते धनिक 'ऑक्सफर्ड ग्रुप' नावाच्या ख्रिस्ती मंडळात गेले, त्यांच्याकडून ही गोष्ट विल्सनच्या एका जुन्या पिणाऱ्या मित्राकडे गेली, आणि तो मित्र विल्सनच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. १९६१ च्या जानेवारीत विल्सनने युंगला आभाराचं पत्र लिहिलं. युंगने उत्तर दिलं. त्यात लॅटिनमध्ये मद्याला आणि आत्म्याला एकच शब्द आहे, याची त्याने आठवण करून दिली. त्याच वर्षी युंग वारला.

पण आम्हाला विशेष वाटतं ते पुढच्या पाच महिन्यांचं. हॉस्पिटलमधून सुटल्यावर विल्सन दिसेल त्या दारुड्याला आपला दिव्य अनुभव सांगत सुटला. एकही जण सुधारला नाही. तो डॉ. सिल्कवर्थकडे तक्रार घेऊन गेला तेव्हा त्यांनी सांगितलं, की तू प्रवचन देतोस. ते बंद कर. आधी आजाराचं सांग, तुझ्या स्वतःच्या हालांचं सांग. (स्टाफरूममधलं आमचं व्याख्यान आठवलं की आम्हाला हे डॉक्टर आठवतात.)

मे १९३५. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावात विल्सन एका कंपनीवर ताबा मिळवायच्या व्यवहारासाठी गेला होता. व्यवहार फिसकटला, सोबतचे निघून गेले. शनिवार दुपार, मेफ्लॉवर हॉटेलची लॉबी, खिशात थोडे डॉलर. लॉबीच्या एका अंगाला बार, तिथून हसण्याखिदळण्याचे आवाज. दुसऱ्या अंगाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. एक पेला घेतला तर काय होणार, असा विचार आला, आणि तो घाबरला. आपल्याला आत्ता एक दारुडा भेटला पाहिजे, हे त्याला कळलं. त्याला सुधारायला नव्हे, स्वतः टिकायला. त्याने यादीतल्या एका पाद्र्याला फोन केला. पाद्र्याने दहाएक नावं दिली. एकेक करत फोन लावले, कुणी नव्हतं, कुणाला वेळ नव्हता. अखेर धागा हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोचला. गुडइयर टायरच्या संस्थापकांची ही सून. मी न्यूयॉर्कचा एक दारुडा आहे आणि मला दुसरा दारुडा हवा आहे, अशा अर्थाचं काहीतरी हा परका माणूस फोनवर सांगतो आहे. बाईंनी फोन आपटला नाही. त्यांच्या ओळखीत एक सर्जन होते, डॉ. बॉब स्मिथ.

मंडळी, आमच्या मते पहिली मीटिंग 'शोधली' गेली ती इथे. पत्ता नव्हता, नावही नव्हतं, कारण ती अजून अस्तित्वातच नव्हती.

दुसऱ्या दिवशी, १२ मे, अमेरिकेतला मातृदिन. संध्याकाळी पाचला डॉक्टर बायकोमुलासह आले. वय पंचावन्न, हात थरथरताहेत. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही असं बजावूनच आले होते. सव्वाअकराला उठले. त्या सहा तासांत विल्सनने उपदेश केला नाही, स्वतःची कथा सांगितली. डॉक्टरांना दारूबद्दल विल्सनपेक्षा जास्त वैद्यकीय ज्ञान होतं. नव्हता तो त्यातून बाहेर पडलेला माणूस पाहण्याचा योग. तरी पुढच्याच महिन्यात ते एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि येताना पिऊन आले. ऑपरेशन ठरलेलं होतं. त्या सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून विल्सननेच त्यांना बिअरची एक बाटली दिली. ती शेवटची. १० जून १९३५ हा दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा, म्हणजे 'एए'चा, स्थापनादिन मानतात. महिनाअखेरीस दोघे मिळून ॲक्रनच्या हॉस्पिटलमध्ये तिसऱ्याला भेटायला गेले. तो वकील होता, नर्सेसवर हात टाकल्यामुळे त्याला खाटेला बांधून ठेवलं होतं. तोही पुन्हा प्यायला नाही.

यानंतर मीटिंगा घरांतून सुरू झाल्या. ॲक्रनला एका सदस्येतर सद्गृहस्थांच्या दिवाणखान्यात बुधवारी, न्यूयॉर्कला विल्सनच्या ब्रुकलिनमधल्या घरी मंगळवारी. सगळं ओळखीतून. परगावच्या माणसाने यायचं कसं? म्हणून १९३९ च्या एप्रिलमध्ये पुस्तक काढलं, त्यात बारा पायऱ्या घातल्या. पुस्तक सुरुवातीला पडूनच राहिलं. १ मार्च १९४१ ला 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर या पत्रकाराचा लेख आला. तो बनवेगिरी उघडी पाडायच्या तयारीने गेला होता, आणि पटून परतला. लेखानंतर पत्रांचा नुसता पाऊस. वर्षाच्या सुरुवातीला दोनेक हजार सदस्य होते, अखेरीला आठ हजार. प्रत्येक पत्राला उत्तर जायचं, आणि जवळ कुणी असेल त्याच्याकडे ते पत्र पाठवलं जायचं. जिथे कुणीच नसेल तिथे पत्र लिहिणाऱ्यालाच सांगायचे, तू आणखी एक शोध.

संस्था वाढल्यावर वॉशिंग्टोनियन लोकांसारखी ती फुटली का नाही? याचं उत्तर त्यांच्या बारा परंपरांमध्ये आहे. १९५० च्या जुलैत क्लीव्हलंडच्या अधिवेशनात त्या मंजूर झाल्या. डॉ. बॉब त्यानंतर चार महिन्यांनी गेले. सदस्य व्हायला एकच अट: पिणं थांबवायची इच्छा. फी नाही, आणि बाहेरच्यांची देणगीही नाही. जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्याकडे हे लोक १९३८ मध्ये मोठ्या रकमेच्या आशेने गेले होते. त्यांनी पाच हजार डॉलर दिले, पण जास्त पैसा तुमचं वाटोळं करील असं मानून हात आखडता घेतला. हे शहाणपण त्यांना रॉकफेलरने शिकवलं म्हणायला हरकत नाही. बाहेरच्या कुठल्याही वादात मत द्यायचं नाही, दारूबंदीवरही नाही. आणि वर्तमानपत्रात, रेडिओवर सदस्याने नाव सांगायचं नाही, म्हणजे कुणी पुढारी व्हायला नको आणि पुन्हा प्यायला तर तमाशा नको.

आपल्याकडे हे आलं १९५७ साली, दिल्लीत आणि मुंबईत. त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणा. १९४९ चा दारूबंदी कायदा अमलात होता. प्यायची तर परवाना काढायचा, नाहीतर आंटीच्या अड्ड्यावर हातभट्टी. म्हणजे मी पितो हे कबूल करणं हा लाजेचाच नव्हे, गुन्ह्याचाही भाग. अशा शहरात चार माणसं एका खोलीत बसून हेच कबूल करू लागली. मराठी माणसाला दारूड्यांची सभा माहीत होती ती गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तली, तळीरामाचं आर्यमदिरामंडळ. तिथे शपथा होत्या त्या पिण्याच्या. सुधाकर बिचारा सोडायची शपथही घेतो, पण एकट्याने घेतो. सिंधूची साथ होती ना, असं तुम्ही म्हणाल. पण सिंधूला ती तहान माहीत नव्हती. त्याला जाणणारा दुसरा माणूस म्हणजे तळीराम, आणि तो ओढणार उलट दिशेला. वारीला जाणारा माळ घालतो आणि दारू सोडतो, ती टिकते याचं एक कारण दिंडीतले बाकीचे माळकरी असावेत, असं आम्हाला वाटतं. हे आमचं मत, पुरावा नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथे उपचार आहेत, डॉक्टर आहेत, ते मीटिंगपेक्षा वेगळं. पण तिथेही बरा झालेला माणूस नव्याला सांभाळतो, ही कल्पना केंद्राशी आहे.

आता दुसरा प्रश्न. तिथे करतात काय? आम्ही अखेर मित्राबरोबर गेलो ती मीटिंग म्युनिसिपालिटीच्या शाळेत होती. चौथीचा वर्ग. बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीशी. फळ्यावर सकाळचं शुद्धलेखन तसंच. पंधरा-सोळा माणसं: रिक्षावाले, बँकेतले एक अधिकारी, एक तरुण मुलगा, एक बाई. दारात एकाने हात मिळवला आणि नाव विचारलं, आडनाव नाही. आधी संस्थेची ओळख वाचून दाखवली. मग एकेक जण उठून पहिलं नाव सांगायचा, मी अल्कोहोलिक आहे म्हणायचा, आणि बोलायचा. याला ते 'शेअरिंग' म्हणतात. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. बोलायची सक्ती नाही. रिक्षावाला सांगत होता की मुलीच्या फीचे पैसे घेऊन तो शाळेकडे निघाला आणि कुठे पोचला. बँकेतले साहेब मान डोलावत होते, कारण तीच वाट त्यांचीही होती, फक्त गुत्ता महाग. शेवटी पेटी फिरली, ज्याने त्याने जमेल ते टाकलं. मग चहा. चहा पिताना लोक फोन नंबर देतात, आणि प्यावंसं वाटलं तर आधी फोन कर, म्हणतात. त्या दिवशी एकाला एक वर्ष झालं होतं, त्याला ते 'बर्थडे' म्हणतात, पेढे होते. मित्र तासभर गप्प बसला. निघताना म्हणाला, "इथे कुणी मला समजावलं नाही रे." आम्ही काही बोललो नाही.

तो पुढे एकदा पुन्हा प्यायला, चौथ्या महिन्यात. ते लोक त्याला 'स्लिप' म्हणतात. परत गेला तेव्हा दारातल्या माणसाने तसाच हात मिळवला. त्यानंतर नाही.

देवाचं काय, असं हमखास विचारतात. बारा पायऱ्यांत ईश्वर आहे. पण १९३८ मध्ये मसुदा चालू असताना त्यांच्यातल्याच एका-दोन नास्तिक मंडळींनी भांडून, ज्याला जसा समजेल तसा ईश्वर, अशी दुरुस्ती करून घेतली. आमचा मित्र कट्टर निरीश्वरवादी. तो म्हणतो, माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे गुरुवारी साडेसहाला जमणारी ही पंधरा माणसं. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी परदेशात ईश्वर वगळलेले गटही निघाले. उपयोग होतो का? २०२० मध्ये कॉक्रेनने सत्तावीस अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक लोकांचा, आढावा घेतला. पूर्ण सोडण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांच्या मार्गाला नेणारे उपचार इतर नावाजलेल्या मानसोपचारांइतके किंवा थोडे सरसच ठरले. सगळ्यांचा सुटतो असं मात्र कुणी म्हटलेलं नाही. आणि एक गोष्ट ठासून सांगतो. जो रोज भरपूर पितो त्याने एकदम बंद केली तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. मीटिंग डॉक्टरच्या जागी नाही.

तर जिन्यातल्या त्या गृहस्थांसाठी. 'एए'ची हेल्पलाइन आहे, संकेतस्थळावर गावागावांतल्या जागा आणि वेळा मिळतात, मराठीत चालणाऱ्या मीटिंगा पुष्कळ आहेत. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते, 'ओपन' मीटिंगला कुणीही बसू शकतं. घरच्यांसाठी 'अल-अनॉन' वेगळं आहे; १९५१ मध्ये विल्सनच्या पत्नी लोइस यांनी त्याचा पाया घातला. मेव्हणे येवोत न येवोत, बहिणीला तिथे जाता येईल. आमच्या भागातली ओपन मीटिंग गुरुवारी असते. तुम्ही हे ऐकत असाल तर, सव्वासहाला शाळेच्या फाटकापाशी आम्ही उभे आहोत. मेव्हण्यांना आणा, किंवा तुम्ही एकटे या.